भिजत घोंगडं: अमेरिकेतल्या कॉलेजने अर्ज ‘डिफर’ केला, तर पुढे काय?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची बरीच कॉलेजं अर्ली फेरीचा, म्हणजे नोव्हेंबरात लवकर भरलेल्या अर्जांचा, निकाल डिसेंबरच्या मध्यावर, संध्याकाळी सातच्या सुमारास लावतात. तेव्हा नाशकात दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. माझ्या भाच्याने त्या थंडीत पांघरुणातूनच फोनवर पोर्टल उघडलं, दोनदा वाचलं आणि स्क्रीनचा फोटो काढून मला न्यू जर्सीला पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं: ‘मावशी, हे हो आहे की नाही?’

धड हो नव्हतं, धड नाहीही नव्हतं. अर्ज डिफर झाला होता.

आमच्या घरी असंच पत्र काही वर्षांपूर्वी लेकीला आलं होतं. तेव्हा मी आणि तिच्या बाबांनी भरपूर गोंधळ घातला. त्यातून, आणि नंतर नात्यातल्या, ओळखीतल्या मुलांच्या अर्जांत लुडबुड करताना जे कळलं, ते क्रमाने लिहिते. मुख्य सांगायचं ते आधीच सांगून टाकते. डिफर झालेल्या अर्जासाठी करण्यासारख्या गोष्टी मोजून दोन-तीन आहेत. त्या नीट करायच्या आणि बाकी सगळा जोर उरलेल्या कॉलेजांच्या अर्जांवर लावायचा. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं: डिफर झालेल्या एका कॉलेजभोवती सगळं घर फिरत बसतं आणि बाकीचे आठ अर्ज 31 डिसेंबरच्या रात्री कसेबसे उरकले जातात.

आधी हा शब्द काय म्हणतोय ते पाहू

नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरलेल्या अर्जाचे तीन निकाल लागू शकतात: निवड, नकार किंवा डिफर. डिफर म्हणजे तुमची फाइल बंद झालेली नाही. ती जानेवारीत आलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यात जाते, पुन्हा वाचली जाते आणि अंतिम निकाल मार्चच्या अखेरीस लागतो. वेटलिस्ट वेगळी. ती मार्चच्या निकालानंतर येते आणि तिथे जागा रिकामी झाली तरच नंबर लागतो. नेटवर शोधताना आणखी एक घोळ होतो. प्रवेश मिळाल्यावर ‘मी एक वर्ष थांबून येतो’ असं विद्यार्थ्याने कळवलं, तर त्यालाही इंग्रजीत डिफर करणंच म्हणतात. माझी नणंद अर्धा दिवस त्याचीच माहिती वाचत बसली होती आणि ‘एक वर्षाने नक्की घेतायत ना’ म्हणून खूशही झाली होती.

आता दोन आकडे, कारण घरात कुणीतरी ‘म्हणजे जवळजवळ झालंच’ म्हणणार आणि कुणीतरी ‘म्हणजे संपलंच’ म्हणणार. 2023 च्या अर्ली फेरीत हार्वर्डकडे 7,921 अर्ज आले आणि 692 मुलं घेतली. एमआयटीकडे त्याच फेरीत 12,563 अर्ज होते, घेतले 661. दोन्हीकडे उरलेल्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना नकार आला नाही, डिफर मिळालं. जॉर्जटाउनची तर अर्लीत थेट नकार न देण्याचीच रीत राहिली आहे: निवड नाही झाली तर डिफर. म्हणजे काही कॉलेजांत हा शब्द हजारोंना सरसकट मिळतो. उलट स्टॅनफर्डसारखी कॉलेजं कमी मुलांना डिफर करतात, त्यामुळे तिथे त्या शब्दाचं वजन थोडं जास्त. मिशिगन, पर्ड्यूसारखी मोठी सरकारी विद्यापीठं अर्ली ॲक्शनचा (निवड झाली तरी जाणं बंधनकारक नसलेल्या अर्ली फेरीचा) निकाल जानेवारीत लावतात आणि तीही पुष्कळांना पुढे ढकलतात. तुमच्या कॉलेजची सवय काय आहे हे कळलं की पत्राचा अर्थ लावता येतो.

अर्ली डिसिजनने अर्ज केला असेल तर आणखी एक गोष्ट. त्या वेळी विद्यार्थी, पालक आणि शाळा अशा तिघांनी सही करून ‘घेतलंत तर येऊच’ असं लिहून दिलेलं असतं. डिफर झालं की ते बंधन सुटतं. मार्चमध्ये त्याच कॉलेजने हो म्हटलं तरी जायलाच हवं असं नाही.

पहिला दिवस: फक्त वाचायचं

पोर्टलवरचं पत्र सावकाश वाचा. त्यात किंवा त्याखालच्या दुव्यांत कॉलेजला काय हवंय ते बहुतेक वेळा सरळ लिहिलेलं असतं. काही कॉलेजं विचारतात, अजून विचारात राहायचंय का, आणि त्या प्रश्नाला मुदतीत उत्तर द्यावं लागतं. काही एक फॉर्म देतात. एमआयटी फेब्रुवारीत सगळ्यांकडूनच एक अपडेटचा फॉर्म मागवते, त्यामुळे वेगळं पत्र लिहायची गरजच उरत नाही. काही स्पष्ट सांगतात की सहामाहीचे गुण सोडून काहीही पाठवू नका. असं लिहिलेलं असेल तर खरंच काही पाठवू नका. ‘सगळेच पाठवतात’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याला चहा पाजा आणि सोडून द्या.

त्या दिवशी कॉलेजला ईमेल लिहायचा नाही, फोन तर अजिबात करायचा नाही. आमच्याकडून ही चूक झाली होती. लेकीच्या बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ॲडमिशन ऑफिसला फोन लावला आणि ‘नेमकं काय कमी पडलं’ असं विचारलं. पलीकडच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात काहीही सांगितलं नाही. ती सांगूही शकत नाही, आणि वडील फोन करतायत एवढंच काय ते तिला कळलं.

1 जानेवारीच्या आत: उरलेले अर्ज

रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या फेरीच्या बऱ्याच मुदती 1 ते 5 जानेवारीच्या दरम्यान असतात. निकाल लागला 14-15 डिसेंबरला, म्हणजे हातात जेमतेम अडीच आठवडे, त्यात शाळेला नाताळची सुट्टी. लेखातला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका याच काळात मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपलेला असतो. दोन दिवस झोपू द्या. तिसऱ्या दिवशी उठवा.

आधी यादी पाहा. ज्या कॉलेजने डिफर केलं त्याच्याच तोडीची सहा कॉलेजं यादीत असतील तर ती यादी नव्हे, नवस आहे. जिथे तुमच्या गुणांची मुलं सहज घेतली जातात, जिथला खर्च झेपतो आणि जिथे मुलगा खरोखर जाईल, अशी किमान दोन नावं हवीत. ॲरिझोना स्टेटसारखी काही विद्यापीठं अर्ज येतील तसे निकाल लावत जातात. तिथे जानेवारीत भरलेलाही चालतो. कॅलिफोर्नियाच्या यूसी विद्यापीठांचं मात्र लक्षात ठेवा: तिथे अर्ली फेरी नाही आणि अर्जाची खिडकी डिसेंबरच्या सुरुवातीलाच बंद होते, त्यामुळे डिफर झाल्यावर ती आठवून उपयोग नाही. इंग्लंडचा विचार असेल तर यूकॅसची (तिथल्या विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेची) मुदत जानेवारीतच येते. एकेका अर्जाची फी 75 ते 90 डॉलर धरली तरी रागाच्या भरात वाढवलेली पाच नावं किती महाग पडतात याचा हिशेब रुपयांत एकदा करून पाहा.

मग निबंध. कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांचे अर्ज एकाच ठिकाणी भरायच्या वेबसाइटवर) एकदा पाठवलेला अर्ज त्या कॉलेजपुरता बदलता येत नाही, पण पुढच्या कॉलेजांसाठी मुख्य निबंध आणि उपक्रमांची यादी दुरुस्त करता येते. डिफर म्हणजे निबंध वाईट होता असं नाही. पण त्याच्याकडे परक्या नजरेने पाहायची ही चांगली वेळ असते. मी एक करते: मुलाला न ओळखणाऱ्या कुणाला तरी निबंध वाचायला देते आणि दुसऱ्या दिवशी विचारते, काय आठवतंय? ‘हुशार आहे, मेहनती आहे’ असं उत्तर आलं तर निबंध पुन्हा लिहायचा. ‘तो सायकलची चेन तोंडात स्क्रू धरून बसवतो तो ना?’ असं आलं तर हात लावायचा नाही.

‘आमचंच कॉलेज का’ या प्रश्नाचं उत्तर एकातून दुसऱ्यात चिकटवू नका. चिकटवलंच तर निदान कॉलेजचं नाव बदललंय का ते पाहा. हसू नका, दरवर्षी होतं.

दुसरी अर्ली घ्यायची का?

बऱ्याच कॉलेजांत अर्ली डिसिजनची दुसरी फेरी असते: मुदत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, निकाल फेब्रुवारीच्या मध्यावर. एनवाययू, व्हँडरबिल्ट, एमरी, टफ्ट्स, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो, बोस्टन युनिव्हर्सिटी ही त्यातली ओळखीची नावं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनमध्ये अर्लीने डिफर झालेल्यांनाही हा मार्ग मोकळा असतो.

ही फेरी बंधनकारक असते आणि इथेच मराठी घरांची गफलत होते. मुलगा खचलेला असतो, ‘काहीतरी पक्कं होऊ दे’ म्हणून आपण सही करतो आणि फेब्रुवारीत कॉलेजने घेतल्यावर खर्चाचं पान उघडतो. आधी पैसे बोला. भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी हे आणखी टोकाचं आहे, कारण परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली की ती बाब बहुतेक कॉलेजांत निवडीच्या वेळी मोजली जाते. ती न मोजणारी थोडीच आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, ॲमहर्स्ट, बोडन आणि आणखी मोजकी. मग ‘आत्ता मदत नको म्हणू, आत गेल्यावर मागू’ अशी शक्कल कुणीतरी सुचवतं. ही शक्कल करू नका. पहिल्या वर्षी न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे मदत न देण्याचा नियम पुष्कळ कॉलेजांत असतो.

माझं मत विचाराल तर: ते कॉलेज निकालाआधीही मुलाच्या पहिल्या तिघांत असेल आणि पूर्ण चार वर्षांचा खर्च कागदावर बसत असेल तरच सही करा. आणि फेब्रुवारीत तिथे निवड झाली तर बाकी सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात, त्यात डिफर झालेला अर्जही आला. ‘तिकडचं काय होतंय ते बघू तरी’ हे चालत नाही.

सहामाहीचे गुण: पत्रापेक्षा जड कागद

नवीन माहितीत कॉलेजला सगळ्यात जास्त भरवसा गुणांवर असतो, कारण ते शाळेकडून येतात. कॉमन ॲपवर यासाठी मिड-इयर रिपोर्ट नावाचा फॉर्म आहे. तो विद्यार्थी भरत नाही, शाळेचा काउन्सेलर, म्हणजे प्रवेशाचं मार्गदर्शन करणारा, भरतो आणि बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण जोडतो.

इथे अमेरिकेत बऱ्याच शाळांचं सत्र जानेवारीच्या अखेरीस संपतं आणि गुण फेब्रुवारीच्या सुरुवातीला जातात. तेव्हा डिसेंबरच्या निकालानंतर अजून पाच-सहा आठवड्यांचा अभ्यास मोजला जायचा असतो. डिफर झाल्यावर कॅल्क्युलसमध्ये ‘बी’ ग्रेड आणणं परवडत नाही. मात्र काउन्सेलरला आठवण करायला लाजू नका. एका काउन्सेलरमागे 250 विद्यार्थी असावेत अशी इथल्या काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात सरासरी त्याहून बरीच जास्त आहे. तुमचा फॉर्म त्या ढिगाऱ्यात असतो.

महाराष्ट्रात गोष्ट वेगळी. सीबीएसईच्या किंवा आयबीच्या शाळेत काउन्सेलर असतो, प्रीबोर्डचे गुण असतात, काम सरळ होतं. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात ‘मिड-इयर’ म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागतं. माझा भाचा तर क्लासशी टायअप असलेल्या कॉलेजात. हजेरी कागदोपत्री, सहामाही परीक्षा झाली की नाही हेही नीट कुणाला सांगता येईना. शेवटी बहीण उपप्राचार्यांना भेटली आणि कॉलेजने घेतलेल्या पहिल्या सत्राच्या परीक्षेचे गुण लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मिळवले. तिला मी फोनवर तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या इथेही सांगते.

कॉलेजात जायचं ते डिसेंबरातच. जानेवारीत प्रिलिम, मग प्रात्यक्षिकं, मग फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. तेव्हा ऑफिसात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. टक्क्यांचं जीपीएत, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या गुणांच्या सरासरीत, रूपांतर स्वतः करायचं नाही. 82 टक्के म्हणजे किती, हे भारतातले अर्ज वाचणाऱ्यांना ठाऊक असतं, आणि नेटवरच्या कोष्टकाने काढलेला आकडा बहुधा तुमचंच नुकसान करतो. तिसरं, कागद शाळेने पाठवायचा. कॉमन ॲपमधून किंवा शाळेच्या अधिकृत ईमेलवरून. विद्यार्थ्याच्या जीमेलवरून आलेल्या गुणपत्रिकेला कुणी विचारत नाही.

सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेबद्दल सारखं विचारलं जातं. डिसेंबरच्या परीक्षेनंतरची पुढची सॅट थेट मार्चमध्ये असते, आणि तिचे गुण येईपर्यंत निकाल लागत आलेले असतात. त्यामुळे डिसेंबरात दिली असेल आणि गुण वाढले असतील तर पाठवा, नाहीतर हा विषय सोडा आणि बारावीकडे वळा.

पत्र

डिफर झाल्यावर ‘अजूनही यायचंय’ असं कळवणाऱ्या पत्राला इथे लेटर ऑफ कंटिन्यूड इंटरेस्ट म्हणतात. मुलांच्या बोलण्यात त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं ‘लोकी’ झालंय. बहिणीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला हिंदीतली लौकी, म्हणजे दुधीभोपळा वाटला. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाठवलं की पुरे. एका पानाहून कमी, साधारण 300 शब्द. पोर्टलवर अपलोड करायची सोय असेल तर तिथे, नसेल तर तुमच्या भागाचे अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे ईमेल. आणि लिहायचं विद्यार्थ्याने. पालकांनी लिहिलेलं पत्र दोन ओळींत ओळखू येतं.

भाच्याचा पहिला खर्डा आला तेव्हा मी तो मोठ्याने वाचून दाखवला. ‘युवर एस्टीम्ड इन्स्टिट्यूशन’ तीनदा होतं. लहानपणापासूनचं स्वप्न होतं. कॉलेजच्या जागतिक क्रमांकाचा उल्लेख होता, जणू त्यांना तो माहीत नसावा. शेवटी ‘आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड’. शाळेत मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहायला शिकवतात त्या साच्यातलं ते पत्र होतं आणि त्यात तो स्वतः कुठेच नव्हता.

मी विचारलं, “ते चाळीचं काय झालं रे शेवटी?”

निफाडजवळ त्याच्या काकांची कांद्याची चाळ आहे. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा भरला तेव्हा याने अर्ध्या चाळीत पंखे आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर बसवले होते, अर्धी नेहमीसारखी ठेवली होती. ऑक्टोबरअखेर अर्ज लिहिला तेव्हा चाळ अजून रिकामी झालेली नव्हती, त्यामुळे अर्जात फक्त ‘प्रकल्प चालू आहे’ एवढंच होतं. नोव्हेंबरात कांदा बाहेर काढला, दोन्ही बाजूंची सड वेगवेगळी वजन केली.

“पंख्याच्या बाजूला सड कमी निघाली,” तो म्हणाला, “पण मला वाटलं होतं तेवढी कमी नाही. आणि ऑगस्टात सेन्सरमध्ये पाणी गेलं, तीन आठवड्यांच्या नोंदीच नाहीत. काका म्हणतात, विजेचं बिल धरलं तर फायदा जेमतेम.”

“हेच लिही.”

“मावशी, यात तर मी हरलोच की!”

हरला असेल, पण हे नवीन होतं, खरं होतं आणि दुसऱ्या कुणाच्या पत्रात असणार नव्हतं. तिसऱ्या खर्ड्यातला परिच्छेद मराठीत सांगायचा तर असा झाला: ‘अर्ज केला तेव्हा चाळ भरलेली होती. नोव्हेंबरमध्ये आम्ही ती रिकामी करून सडका कांदा तोलला. पंख्यांनी फरक पडला, पण वीजबिल वजा केल्यावर काकांना तो पुरेसा वाटला नाही. पावसात एक सेन्सर बंद पडला आणि मला तीन आठवडे कळलंच नाही, कारण मी घरून आकडे पाहत होतो, चाळीत जात नव्हतो. या एप्रिलमध्ये पंखे फक्त दमट रात्री चालतील अशी जोडणी करतो आहे.’

त्याच्या आधी दोन वाक्यं: डिफर झाल्याचं कळलं, अजूनही तुमच्याकडे यायची इच्छा आहे. नंतर दोन-तीन वाक्यं: पहिल्या सत्राचे गुण, आणि त्या कॉलेजात शेतीमाल साठवणुकीवर काम करणारी एक प्रयोगशाळा आहे तिचा उल्लेख, ती वेबसाइटवर खरंच सापडली म्हणून. मग आभार आणि नाव. संपलं पत्र.

‘तुम्हीच माझी पहिली पसंती, घेतलंत तर नक्की येईन’ हे वाक्य वजनदार असतं. ते खरं असेल तरच लिहा, आणि एकाच कॉलेजला. पैशांवर अवलंबून असेल तर ‘नक्की’ लिहू नका. निराशा, तक्रार, ‘मला धक्का बसला’, माझ्यापेक्षा कमी गुणांचा वर्गमित्र कसा घेतला, यातलं काहीही नको.

काय पाठवू नये

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केलेल्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र. आमदारांचं शिफारसपत्र, हे मी स्वतः पाहिलंय, चार रंगांत छापलेलं. त्या कॉलेजात तीस वर्षांपूर्वी शिकलेल्या, मुलाला दोनदा भेटलेल्या काकांचं पत्रही नको. अचानक स्थापन केलेली सेवाभावी संस्थाही नको. दर आठवड्याला नवा ईमेल तर मुळीच नको.

जास्तीचं शिफारसपत्र एकच, आणि कॉलेज चालतं म्हणत असेल तरच. ते अशा माणसाचं असावं, ज्याने आधीच्या दोन शिक्षकांनी न पाहिलेलं काही पाहिलंय. बारावीतल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी या वर्षीच शिकवायला घेतलं असेल तर ते चांगले. काउन्सेलरने आपणहून दोन ओळींचा ईमेल पाठवला की मुलगा अजून उत्सुक आहे आणि सत्र चांगलं गेलं, तर त्याचाही उपयोग होतो.

याच काळात ‘डिफर झालेले अर्ज आम्ही आतून हलवतो’ असं सांगणारे सल्लागार उगवतात. आतून काही हलत नसतं. आणि अर्जात खोटं सापडलं तर मिळालेला प्रवेशही काढून घेतात, मग जून असो की ऑगस्ट.

आवड दाखवल्याने फरक पडतो का?

काही कॉलेजांत पडतो, काहींत अजिबात नाही, आणि हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. बहुतेक अमेरिकी कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा दस्तावेज वेबसाइटवर टाकतात. त्यात सी-7 हा तक्ता शोधा. निवडीत कॉलेज काय किती मोजतं हे त्यात एकेका ओळीत असतं. त्यातच अर्जदाराच्या आवडीचीही ओळ असते. तिथे ‘विचारात घेत नाही’ असेल तर वेबिनारना बसून वेळ घालवू नका. ‘महत्त्वाची’ असेल तर कॉलेजचे ईमेल उघडा, ऑनलाइन सत्राला बसा, मुलाखतीची सोय असेल तर घ्या. पुण्याहून विमानाने कॅम्पस पाहायला येण्याची अपेक्षा कुणीच करत नाही. न्यू जर्सीत राहून दोन तासांवरचं कॉलेज एकदाही पाहिलेलं नसेल तर मात्र जाऊन या.

फेब्रुवारी आणि मार्च

पत्र गेलं, गुण गेले की पोर्टलवर दोन्ही पोचल्याची खूण दिसते का तेवढं पाहायचं. दिसत नसेल तर आठवड्याने एक नम्र ईमेल. मग बंद. महाराष्ट्रातल्या मुलांसमोर बोर्डाची परीक्षा असते. शिवाय प्रवेश पक्का झाल्यावरही कॉलेज बारावीचे अंतिम गुण मागतं आणि ते फार घसरलेले असतील तर प्रश्न विचारतं. भारतातला पर्याय उघडा ठेवायचा असेल तर एमएचटी-सीईटीचा फॉर्म याच काळात भरायचा असतो, त्याची मुदत चुकवू नका.

घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘काय झालं ॲडमिशनचं’ हे रोज येणार. आम्ही लेकीच्या वेळी एक ठरवलं: उत्तर मी द्यायचं, तिने नाही, आणि उत्तर कायम एकच, ‘मार्चअखेर कळेल’. आत्याबाईंना राग आला. येऊ दे.

निकाल आले की 1 मेपर्यंत एक कॉलेज निवडून डिपॉझिट भरायचं. भारतातल्यांनी ते जितक्या लवकर भराल तितकं बरं, कारण त्यानंतरच आय-20 (व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद) येतो, मग सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची) फी, मग व्हिसाची तारीख. डिफरचं रूपांतर वेटलिस्टमध्ये झालं, आणि हे होतं, तर हवं असल्यास तिथे नाव ठेवा, पण डिपॉझिट ज्यांनी हो म्हटलंय तिथे भरा.

आणि एक बारीकशी गोष्ट. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात. डिसेंबरात पहाटे साडेपाचला लागलेला संध्याकाळी सातचा निकाल मार्चमध्ये नाशकात साडेचारलाच लागतो. एमआयटीचा तर 14 मार्चला तिकडच्या 6 वाजून 28 मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे चारला दोन मिनिटं कमी असताना. गजर त्या हिशेबाने लावा, किंवा लावूच नका. सात वाजताही पोर्टलवर तेच लिहिलेलं असतं.